शेअर्ड होस्टिंग + डोमेन, 6 वर्षं वापरून: पॅनेल चांगलं, सपोर्ट बरा, बिल मात्र चष्मा लावून वाचा

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. डोंबिवली पूर्वेला घरून फराळाचा धंदा आहे, भाजणीची चकली, कडबोळी, अनारसे, पातळ पोह्यांचा चिवडा वगैरे, आणि दिवाळीत त्यातलं अर्धंअधिक परदेशात जातं म्हणून वेबसाइट. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण मागच्या दोन वर्षांत ओळखीतल्या चार-पाच जणांची बिलं बघून झाली, प्रत्येकाची कंपनी वेगळी आणि रडगाणं एकच. सोऱ्या तोच, आतली चकती तेवढी बदलते. त्यामुळे 'पहिल्या वर्षी फक्त 99' बघून जे कोणी कार्ड हातात घेऊन बसलेत त्यांनी हे वाचा आणि मग काय ते करा.

तर साइट 2019 च्या ऑगस्टमध्ये माझ्या भाच्याने बनवली. तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, रविवारी लॅपटॉप घेऊन आला, दोन बशा पोहे खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत साइट उभी. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, 3 वर्षांचं घेतलं आणि होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा (शेअर्ड म्हणजे दुसऱ्या साइटींबरोबर वाटून घेतलेली), 4 वर्षांचं, कारण ऑफरच तशी होती. होस्टिंग महिना 99, म्हणजे 48 महिन्यांचे 4,752, वर 18 टक्के जीएसटी, झाले 5,607. पैसे मी दिले, कार्ड माझं, पण अकाउंट त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर आणि डोमेनचा मालक म्हणून नावही त्याचंच. घरचाच मुलगा, मला काय त्यात वावगं वाटणार. जमिनीचे पैसे मी मोजले आणि सातबाऱ्यावर नाव भाच्याचं असा तो प्रकार होता हे कळायला 3 वर्षं गेली.

भाचा गेला श्टुटगार्टला. कॉलेजने पास झालेल्या मुलांचे ईमेल बंद केले. आणि मध्येच 1 ऑक्टोबर 2021 पासून आरबीआयचा तो नवा नियम आला ना, कार्डवरून आपोआप जाणारे पैसे नव्याने ई-मॅन्डेट, म्हणजे बँकेला आधी परवानगी, दिल्याशिवाय जायचे नाहीत, तो. नियम चांगलाच आहे, पण आमचं 'ऑटो रिन्यू चालू' हे त्या दिवसापासून नुसतं लिहिलेलं राहिलं. डोमेन 11 ऑगस्ट 2022 ला संपलं. आयकॅन म्हणून जगभरच्या डोमेनचे नियम ठरवणारी संस्था आहे, तिचा नियम आहे की डोमेन संपायच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक आणि संपल्यावर पाच दिवसांत एक अशी सूचना पाठवायलाच हवी. पाठवलीही असणार. बंद पडलेल्या त्या कॉलेजच्या पत्त्यावर.

मला कळलं 18 सप्टेंबरला. मधे महिनाभर कसं कळलं नाही असं आमच्या ह्यांनीही विचारलं. अहो, स्वतःच्या दुकानाची पाटी कोण वाचतं रोज? ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, त्यात पितृपक्ष चालू होता म्हणून तशाही कमीच होत्या. न्यूजर्सीच्या एडिसनवरून एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "काकू, तुमची साइट उघडली तर तिथे भलत्याच कुठल्यातरी नमकीनच्या जाहिराती दिसतायत, बंद केलंत का तुम्ही?" मी मोबाइलवर उघडून बघितलं तर खरंच, वर आमचं नाव आणि खाली दुसऱ्यांच्या चिवड्याच्या लिंका. हातातला झारा तसाच कढईत.

आता हे डॉट कॉमचं गणित नीट समजून घ्या, मला फार महागात पडलंय. तारीख उलटली की लगेच डोमेन जात नाही. काही दिवस, बऱ्याच कंपन्यांत महिनाभरापर्यंत, साध्या रिन्यूच्या दरात परत मिळतं. ते दिवसही गेले की रिडेम्प्शन नावाचा 30 दिवसांचा काळ लागतो, त्यात परत मिळतं पण दंड भरून, आणि दंड किती तो ज्या कंपनीकडून घेतलं ती ठरवते. तोही गेला की 5 दिवस 'पेंडिंग डिलीट', तेव्हा कोणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते नाव परत बाजारात, कोणीही घ्या. कधीकधी तर बाजारात यायच्या आधीच कंपनी ते नाव लिलावात काढते. मी 38 व्या दिवशी जागी झाले होते, म्हणजे दंडाच्या दारात. रिन्यूअल 1,149, रिस्टोर चार्ज 7,499, वर जीएसटी, एकूण 10,204 रुपये. तेव्हाच्या भावाने 20 किलो चकली.

आणि पैसे भरायलासुद्धा आत जाता येईना! अकाउंट भाच्याचं, पासवर्ड विसरला म्हटलं की लिंक जाणार कॉलेजच्या मेलवर. इथे सपोर्टबद्दल खरं ते लिहिते, चॅटवर माणूस दोन मिनिटांत येतो, गोड बोलतो, मॅडम मॅडम करतो, पण तुमचं न वाचता ठरलेलं उत्तर चिकटवतो. तीन वेळा मला 'पासवर्ड रिसेट करा' हेच सांगितलं. चौथा मुलगा बरा निघाला, त्याने भाच्याकडून पॅनकार्डचा स्कॅन आणि त्याच्या सहीचं पत्र मागवलं, जर्मनी साडेतीन तास मागे, हा कामावर, मी भाजणी दळायला गिरणीत, असं करत करत तीन दिवसांनी अकाउंट माझ्या मेलवर आलं. अजून दोन दिवसांनी साइट. त्या पाच दिवसांत भाच्याने मला किती वेळा "मावशी, सॉरी" म्हटलं त्याला गणतीच नाही, शेवटी मीच म्हटलं पुरे, आता मला हे सगळं शिकव.

पहिलं काम, डोमेन माझ्या नावावर. करून टाकलं खुशीत, आणि लगेच दुसऱ्या खड्ड्यात पाय. मला डोमेन या कंपनीतून हलवायचं होतं, पण मालकाचं नाव बदललं की 60 दिवस डोमेन दुसरीकडे नेता येत नाही, चोरीमारी होऊ नये म्हणून लॉक लागतो. हा लॉक नको असं आधीच सांगायची सोय काही कंपन्या देतात, नाव बदलायच्या आधी बरं का, नंतर नाही. मी न वाचता 'आय अॅग्री' केलं होतं. बसले डिसेंबरपर्यंत. (नवीन घेतलेलं डोमेनही पहिले 60 दिवस हलत नाही, तेही त्याच वेळी कळलं.)

डिसेंबरात ट्रान्सफरचा कोड मागितला. याला ऑथ कोड म्हणतात, कोणी ईपीपी कोड म्हणतात, एकच ते. काही कंपन्यांत पॅनेलमध्ये, म्हणजे लॉगिन केल्यावर सगळं चालवायचं जे पान दिसतं त्यात, बटण असतं, दाबलं की कोड समोर. यांच्याकडे तिकीट टाकायचं. तिकीट टाकलं तर उत्तर काय, "मॅडम, आम्ही तुम्हाला पुढच्या रिन्यूवर 20 टक्के देतो." नको म्हटलं. मग दोन दिवस शांतता. मग परत "कारण सांगता का?" कोड मागितल्यापासून 5 दिवसांत द्यावा लागतो हा नियम भाच्याने शोधून दिला, मी तेवढं एक वाक्य चॅटमध्ये लिहिलं आणि अर्ध्या तासात कोड हजर. नियम माहीत असलेल्या गिऱ्हाइकाशी ही मंडळी एकदम सुतासारखी वागतात. त्यानंतर पाच-सहा दिवसांत डोमेन नव्या ठिकाणी, आणि ट्रान्सफरचे जे पैसे भरले त्यात एक वर्ष वाढूनही मिळालं, डॉट कॉमला तसं मिळतंच, म्हणजे ते पैसे वाया गेले असं समजू नका.

म्हणून डोमेनच्या बाबतीत या कंपनीला माझ्याकडून एक स्टार, आणि तोही त्या चौथ्या मुलासाठी.

होस्टिंग मात्र मी तिथेच ठेवलं, आणि ते का ते सांगते. भाचा म्हणायचा डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे घर, डीएनएस म्हणजे पत्ता, मला डोंबल काही कळायचं नाही. शेवटी आमच्या सोसायटीवरून कळलं. गेटपाशी पाटी असते बघा, कोणतं आडनाव कुठल्या फ्लॅटमध्ये. डोमेन म्हणजे पाटीवरचं आडनाव, होस्टिंग म्हणजे फ्लॅट, आणि डीएनएस म्हणजे ती आख्खी पाटी. ए रेकॉर्ड सांगतं पाहुणे कुठल्या फ्लॅटवर पाठवायचे, एमएक्स सांगतं पत्रं कुठल्या पेटीत टाकायची. दोन्ही एकाच घरी जायला पाहिजेत असं काही नाही. आणि नेमसर्व्हर म्हणजे ती पाटी लिहायचा अधिकार कोणाकडे आहे ते. हे एकदा डोक्यात बसलं की डोमेन एका कंपनीकडे, पाटी दुसऱ्याकडे, फ्लॅट तिसऱ्याकडे असं चालतं हेही कळतं, आणि चालतंच नाही तर तसंच असावं, म्हणजे भाडं वाढलं तर फ्लॅट बदलायचा, आडनाव कशाला बदलायचं.

यात एक वॉचमनही आहे. आमचा वॉचमन पाटी एकदा वाचली की परत बघत नाही, जुन्या आठवणीवरच लोकांना वर पाठवतो. इंटरनेटवरही तेच, ती आठवण किती वेळ ठेवायची याचा आकडा म्हणजे टीटीएल, सेकंदात असतो. आमच्या पॅनेलमध्ये 14400 होतं, म्हणजे 4 तास. काही बदलायचं असेल तर आदल्या दिवशी तो आकडा 300 करून ठेवायचा, मग बदल पाच-दहा मिनिटांत दिसतो. सपोर्टवाले प्रत्येक गोष्टीला "48 तास थांबा मॅडम" म्हणतात ना, त्यातले निम्मे वेळा वॉचमनची चूक नसते, पाटीवरच चुकीचं लिहिलेलं असतं आणि 48 तासांनीही तेच दिसणार असतं.

पाटीवर चुकीचं लिहायचा माझा अनुभव दांडगा आहे. पहिल्यांदा एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे पाटीवर लावायची मजकुराची चिठ्ठी, घालायचं होतं, रात्री साडेअकरा, चकल्या तळून झालेल्या, लॅपटॉपवर तेलाचे ठसे, भाचा व्हिडिओ कॉलवर. नावाच्या रकान्यात मी पुढचा शब्द लिहिला आणि त्यापुढे आमचं पूर्ण डोमेन डॉट कॉमसकट, कारण कागदावर तसंच लिहिलं होतं. सेव्ह केलं. होईना. परत केलं. होईना. शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, स्क्रीन जरा जवळ आण... अगं, तुझं आडनाव दोनदा लागलंय." त्या पॅनेलमध्ये डोमेन मागून आपोआप चिकटतं, आपण फक्त पुढचा शब्द लिहायचा, म्हणजे माझं झालं होतं अमुक डॉट आमचं नाव डॉट कॉम डॉट आमचं नाव डॉट कॉम. वाड्यातल्या जुन्या लोकांची नावं लागतात तसं.

आता होस्टिंगचा रिव्ह्यू. पॅनेल आहे सीपॅनेल, आणि ते चांगलं आहे. दिसायला खिचडी, पण एकदा जागा पाठ झाल्या की सगळं हाताशी. फाइल मॅनेजरमध्ये पब्लिक एचटीएमएल नावाचं फोल्डर, तुमची साइट म्हणजे ते फोल्डर, त्याच्या बाहेरचं लोकांना दिसत नाही. डेटाबेस पीएचपीमायअॅडमिनमध्ये. वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर, माझी त्यावरच आहे) असेल तर ही दोन्ही मिळून तुमचं दुकान, नुसतं फोल्डर उतरवून घेतलं तर भांडी आली आणि वही राहिली असं होतं. ऑर्डरी, मजकूर, भाव, सगळं त्या डेटाबेसमध्ये असतं.

बॅकअपबद्दल जाहिरातीत 'फ्री डेली बॅकअप' लिहिलंय. अटींमध्ये लिहिलंय की बॅकअप ही आमची मेहेरबानी, गॅरंटी नाही, आणि परत हवा असेल तर रिस्टोर चार्ज. म्हणून मी दर महिन्याच्या एक तारखेला, दुधवाल्याचा हिशोब करते तेव्हाच, आख्खा बॅकअप पेनड्राइव्हवर उतरवते. एकदा कामाला आलाय. पीएचपीचं, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिचं, जुनं 7.4 व्हर्जन नोव्हेंबर 2022 ला कायमचं बंद झालं, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत, म्हणून कंपनीचा मेल आला की 8.1 करा. केलं. एक क्लिकचं काम. आणि साइट पांढरी फटक. एक जुनं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेला भाग, नव्या पीएचपीला झेपत नव्हतं. क्लिक उलटं केलं तर साइट परत आली, मग त्या प्लगइनच्या जागी दुसरं टाकताना काहीतरी जास्तच हात लागला आणि तेव्हा पेनड्राइव्ह काढला. सपोर्ट त्या वेळी चांगला होता हे मान्य करायला पाहिजे, रात्री दीडला मुलाने न चिडता मदत केली.

भाव. चार वर्षं संपली ऑगस्ट 2023 ला आणि रिन्यूचं बिल आलं, महिना 349. एका वर्षाचे 4,188, जीएसटी धरून 4,942. म्हणजे चार वर्षांना मिळून जेवढे दिले जवळजवळ तेवढेच एका वर्षाला. हे फसवणूक नाही, खरेदीच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आमच्याच भाच्याने वाचलं नाही. बाजारात जाताना पहिला भाव बघून पिशवी भरू नका, रिन्यूचा भाव विचारा. आणि बिलाच्या पानावर आपोआप टिक झालेल्या गोष्टी: साइट सिक्युरिटी, जादा बॅकअप, आणि 1,999 चं एसएसएल सर्टिफिकेट. ते कुलपाचं चिन्ह यायला लागतं ते हे, आणि ते फुकट मिळतं! लेट्स एन्क्रिप्ट म्हणून ना नफा तत्त्वावरची संस्था आहे, 2015 पासून फुकट सर्टिफिकेट देते, 90 दिवस चालतं आणि पॅनेल ते आपोआप नवं करून घेतं. आमच्या सारख्या साइटला त्याहून जास्त काही लागत नाही. कुल्फीवर रबडी घ्या म्हणतात तसं हे सगळं टाकलेलं असतं, एकेक टिक काढत जायची. माझ्या बिलातून तेव्हा साडेचार हजार असेच कमी झाले.

'अनलिमिटेड' या शब्दावर पण बोलायचंय. जागा अनलिमिटेड, पण फायली किती ठेवायच्या याची मर्यादा आहे, माझ्या प्लॅनला दोन लाख, आणि प्रत्येक ईमेल ही एक फाइल, वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहानमोठ्या चार-सहा कॉप्या करतं त्याही फायली. शिवाय एकाच वेळी किती जण आत येऊ शकतात त्यालाही मर्यादा, माझ्याकडे 20. एरवी कळतही नाही. 2023 च्या दिवाळीआधी मेलबर्नच्या कोणीतरी तिकडच्या मराठी ग्रुपवर आमची लिंक टाकली, शनिवारी सकाळी इकडे एकदम पन्नास जण आणि साइटवर काय, '508 रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. गिऱ्हाईक दारात आणि शटर खाली. चॅटवर गेले तर उत्तर तयारच होतं, वरचा प्लॅन घ्या, तिप्पट पैसे. भाच्याला फोन केला तर म्हणाला थांब, आधी बघू दे. चकलीचे फोटो मी मोबाइलवरून काढून तसेच टाकले होते, एकेक 4 एमबीचा, असे चाळीस. आणि प्रत्येक माणूस आला की सर्व्हर आख्खं पान नव्याने तळत होता, म्हणजे ऑर्डर आली की घाणा लावायचा तसं. कॅश प्लगइन टाकलं की पान एकदा तयार करून डब्यात ठेवतं आणि येणाऱ्याला डब्यातलं देतं. ते टाकलं, फोटो दीडशे केबीपर्यंत आणले, त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या, त्याच प्लॅनवर, एकदाही 508 नाही. सपोर्टवाल्याला हे माहीत नव्हतं असं नाही.

ईमेलची भानगड सगळ्यात किचकट, आणि तिथे कंपनीचा दोष कमी, माझा जास्त. ऑर्डर आली की गिऱ्हाइकाला पोच जाते, ती 2024 च्या सुरुवातीपासून लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागली. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने नियम कडक केले, पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएम पाहिजेच, आणि दिवसाला 5 हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्कही. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने पत्र टाकायला कोणाकोणाला परवानगी आहे त्याची यादी, डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाख, आणि डीमार्क म्हणजे या तपासणीत न बसणाऱ्या पत्राचं काय करायचं त्याची सूचना. मी म्हटलं माझ्याकडे एसपीएफ आहे की. होतं ना, एक नाही, दोन! एक होस्टिंगचं, एक मी न्यूजलेटरची सेवा घेतली तेव्हा त्यांनी सांगितलेलं. आणि एका डोमेनला एसपीएफ एकच चालतं, दोन असली की समोरचा दोन्ही बाद धरतो. दोघांची नावं एकाच ओळीत घातली, डीकेआयएम चालू केलं, आणि वर्डप्रेसला सांगितलं की मेल आपला आपण न पाठवता नीट लॉगिन करून एसएमटीपीने, म्हणजे मेल सर्व्हरमार्फत, पाठव. पोच इनबॉक्समध्ये. हे सगळं पॅनेलमध्ये 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी' नावाच्या पानावर आहे, लाल-हिरवं दिसतं, मी चार वर्षं ते पान उघडलंच नव्हतं.

पाटी, म्हणजे डीएनएस, मी आता क्लाउडफ्लेअरच्या फुकट प्लॅनवर ठेवलीये. वापरायला सोपं, बदल पटकन दिसतात. जुनी रेकॉर्डं ते आपणहून शोधून आणतात, बहुतेक. त्या 'बहुतेक'मध्ये माझं डीकेआयएम राहून गेलं होतं, म्हणून हलवायच्या आधी जुन्या पॅनेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि तिथे प्रत्येक रेकॉर्डसमोर एक ढग असतो, केशरी आणि करडा. केशरी म्हणजे पाहुणे त्यांच्या दारातून जातात, करडा म्हणजे थेट. साइटला केशरी चांगला, पण मेल नावाच्या रेकॉर्डलाही तो केशरीच होता आणि माझ्या मोबाइलवरचं मेलचं अॅप सर्व्हर सापडत नाही म्हणून बसलं. दोन दिवस मी पासवर्डच बदलत राहिले. करडा केला, सुरू.

हौस म्हणून एक डॉट भारत पण घेतलं होतं, देवनागरीत नाव. 2014 पासून मिळतं, डॉट इन सांभाळणारी निक्सी ही संस्थाच ते चालवते. छापील खोक्यावर फार सुरेख दिसतं, आमच्या सासूबाईंनी चष्म्याशिवाय वाचलं. पण लिंक पाठवली की काही ठिकाणी ती एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन दिसते, आतून ते तसंच असतं, आणि लोक घाबरून उघडत नाहीत. डॉट कॉमवर वळवून ठेवलंय, असू दे.

अजून एक, नावावर डोमेन आलं की मेल यायला लागतात, चीनमधली कोणतीतरी कंपनी तुमच्या नावाचं डॉट सीएन घेतेय, लगेच आमच्याकडून घ्या. थाप असते. कचऱ्यात टाका. रिन्यूची खोटी बिलंही येतात, खऱ्या कंपनीचं नाव आणि तारीख माहीत असेल तर पकडता येतात. म्हणून मी वहीत लिहिलंय, डोमेन कुठे, पाटी कुठे, होस्टिंग कुठे, कुठला ईमेल, कधी संपतंय, आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येतो. ईमेल मुद्दाम डोमेनच्या बाहेरचा, साधा जीमेल. डोमेन बंद पडलं तर डोमेनवरचाच मेल बंद पडणार आणि पासवर्डची लिंक तिथेच जाणार, हे मला श्टुटगार्टने शिकवलं. डोमेन आता 2029 पर्यंत भरून टाकलंय, तरी कालनिर्णयवर 11 ऑगस्टच्या चौकटीत, सिलिंडर कधी लावला त्याच्या खाली, दरवर्षी 'डोमेन बघणे' असं लिहिते. ह्यांना गंमत वाटते.

तर ज्यांनी इथवर वाचलं त्यांच्यासाठी, घ्यावं का? डोमेन इथून घेऊ नका, जिथे ट्रान्सफरचा कोड बटणावर मिळतो आणि रिन्यूचा भाव पहिल्या पानावर लिहिलाय तिथून घ्या. होस्टिंग महिन्याला शंभर-दोनशे ऑर्डरी असणाऱ्या घरगुती धंद्याला पुरतं, एक वर्षाचंच घ्या, टिका काढा. पॅनेल चार स्टार, रात्रीचा सपोर्ट साडेतीन, दिवसाचा दोन, बिलिंगला बोलायलाच नको. सगळं मिळून तीन देतेय. सप्टेंबरमध्ये परदेशच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि परत ते 508 दिसलं तर इथेच येऊन एक काढून घेईन.